आकडा परत म्हणा

आमच्या आत्याला काहीही सांगा, उत्तर म्हणून मिळायचं नाही. 'आत्या, दार लाव गं' म्हटलं की दार लागायचं, पण हो नाही, बरं नाही, साधा हुंकार नाही. ऐकलं की नाही ऐकलं, समजायला मार्ग नाही. आई वैतागायची. "तुझ्या आत्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं," म्हणायची, "भिंत निदान आपला आवाज तरी परत पाठवते."  आत्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलेलं नाही, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायची. तिचा विषय निघाला की बाबांना एकदम चप्पल शिवायला टाकायची आठवण व्हायची.

मला मात्र राग यायचा. मी आहेच तापट, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माणसानं काही विचारलं तर तोंड उघडावं, एवढी साधी गोष्ट जमत नाही म्हणजे काय? त्यातून ही बाई तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. आख्ख्या गल्लीत तिला अजून 'हॅलोबाई' म्हणायचे. आमच्याकडे फोन बसवला तेव्हा शेजारीपाजारी म्हणाले, चला, आता हॅलोबाई खूश. कसली खूश! फोन वाजला की ही उठून मागच्या अंगणात. वाळलेले कपडे पुन्हा पिळून वाळत घालायची, पण फोनला हात लावायची नाही.

मग बाबा कामावर जिन्यावरून पडले. मी त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात गेले. पाय मोडला होता, डोक्यालाही लागलं होतं, आणि आई बाजारात गेलेली. मी काउंटरवरून घरी फोन लावला. वाजला, वाजला, वाजतच राहिला. शेवटी कुणीतरी उचलला. हॅलो नाही, काही नाही, नुसता श्वास.

"आत्या, तूच ना? बाबांना लागलंय. आईला म्हणावं, या नंबरावर फोन कर." मी वॉर्डचा नंबर सांगितला. "कळला? परत म्हण बघू."

पलीकडे श्वास.

"आत्या, आकडा परत म्हण! एकदा म्हणून दाखव, म्हणजे मला कळेल!"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की नर्स बाहेर आली. आणि आत्यानं फोन ठेवून दिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अर्ध्याएक तासात त्याच नंबरावर आईचा फोन आला. आत्या अनवाणी बाजारात गेली होती, भाजीच्या गाळ्यांमधून आईला शोधून काढलं होतं आणि एकेक आकडा सुटा करून सांगितला होता. एकही चुकला नव्हता.

दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं. मी सोडत नाही. बाबा प्लास्टर घेऊन घरी आले, झोपले, आणि दुपारी आत्या आणि मी चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. मी म्हटलं, "आत्या, आज सांगायचं. आकडा लक्षात होता, मग परत म्हणायला काय झालं होतं?"

ती चादर धरून उभी राहिली. आणि मग माझ्या जन्मात पहिल्यांदा ती एका दमात बोलली. घडी तशीच राहिली.

एक्स्चेंजची खोली पोस्टाच्या वर होती. लांबलचक, एका टोकाला कोळशाची शेगडी, दुसऱ्या टोकाला अंगणाकडची खिडकी, आणि मध्ये बोर्ड. बोर्डावर गावातले सगळे नंबर, तीनशेच्या आत. समोर स्टुलांवर मुली, कानावर यंत्र, हातात फोन जोडायच्या दोऱ्या. कुणी नंबर मागितला की तो नंबर आपण मोठ्यानं परत म्हणायचा, माणसानं 'बरोबर' म्हटलं की मगच दोरी लावायची. न म्हणता दोरी लावली तर मोठ्या बाई फूटपट्टी घेऊन मागे उभ्याच. त्या पट्टीनं मुलींना मारायच्या नाहीत, नुसती स्टुलावर टकटक करायच्या, पण ती टकटक झोपेतही ऐकू यायची.

आत्या तेव्हा एकोणीस वर्षांची. ही सवय तिच्या अशी अंगात मुरली की घरीही तेच. आजोबा म्हणायचे, "मीठ दे." ही म्हणायची, "मीठ. देते." आजोबा ताट वाजवून ओरडायचे, "बरोबर!" आणि बाबा, तेव्हा चिमुरडे, हसून हसून लोळायचे. माझी ही गप्प आत्या घरभर पोपटासारखी बोलत फिरायची, यावर माझा विश्वासच बसेना.

आत्याच्या गावाहून डोंगराकडच्या गावाला एकच ट्रंक लाइन जायची. त्या टोकालाही बोर्ड, त्या बोर्डावरही मुली. मुलींची नावं लाइनवर घ्यायची नाहीत असा नियम, म्हणून गावाच्या खुणेवरून हाक. ही नदीकाठ, ती टेकडी. रोज सकाळी लाइन तपासायची.

"टेकडी, आवाज येतोय?"

"येतोय. तुझा?"

एवढंच बोलायची परवानगी. पण एकोणीस वर्षांच्या पोरी एवढ्यावर थांबतात होय? हळूहळू 'येतोय' च्या पुढे 'आज घसा बसलाय' आलं, मग 'काल काय झालं माहितेय' आलं. मोठ्या बाई शेगडीकडे वळल्या की दोघी घाईघाईनं बोलून घ्यायच्या. टेकडी महाथापाडी. एक दिवस म्हणायची, मी दाराएवढी उंच आहे, दुसऱ्या दिवशी म्हणायची, मला स्टुलावर चढायला स्टूल लागतं. आत्या म्हणाली, फोटो पाठव. ती म्हणाली, "कशाला? आवाजावर भागवून घे. तोंड बघशील तर लाइन कापशील."

दोघींनी एकमेकींना कधी पाहिलंच नाही. सुट्टीत अध्ये-मध्ये कुठेतरी भेटायचं ठरायचं आणि दर वेळी काहीतरी आडवं यायचं. कधी आजोबांचं आजारपण, कधी तिकडचा रस्ता बंद. पण आत्या मला म्हणाली, "घरातल्या कुणाला जेवढं सांगितलं नाही तेवढं तिला सांगितलं." बाबा बाजूच्या खोलीत झोपले होते म्हणून की काय, हे तिनं हळूच सांगितलं.

टेकडीचा एक आवडता खेळ होता. मध्येच कामाच्या आवाजात म्हणायची, "शून्य, शून्य, शून्य, स्वर्ग." आत्या बेसावध असली की लगेच, "शून्य, शून्य, शून्य..." आणि मागून टकटक! पलीकडे टेकडीची खीखी सुरू. "अगं नदीकाठ," ती म्हणायची, "तुला कुणी विहिरीत ढकललं ना, तर तू आधी 'विहिरीत' असं परत म्हणशील आणि मग पडशील." आत्या चिडायची. उद्या फसायचं नाही असं ठरवायची, आणि उद्या परत फसायची.

मग युद्ध आलं. एक्स्चेंजमध्ये लष्कराचा एक माणूस आणून बसवला. ट्रंक लाइनवरचं सगळं बोलणं त्यानं ऐकायचं. मुलींनी त्याचं नाव 'कान' ठेवलं. दिसायला सभ्य, बोलायला मऊ, शेगडीत कोळसे कमी झाले तर स्वतः घालायचा. मोठ्या बाई त्याला उठून खुर्ची द्यायच्या. दुपारी डबा उघडला की तो कानावरचं यंत्र काढून बाजूला ठेवायचा, कारण चावताना त्याला त्यात स्वतःचाच आवाज घुमायचा. दिवसभरात एवढा वेळ लाइन मोकळी.

त्याच सुमारास एका समाजाविरुद्ध हुकूम निघायला लागले. आधी त्यांनी बसमध्ये बसायचं नाही, मग दुकान चालवायचं नाही, मग रेडिओ ठेवायचा नाही, फोन करायचा नाही. डबा उघडायच्या वेळी एकदा टेकडी म्हणाली, "नदीकाठ, तो फोनचा हुकूम आहे ना, तो माझ्यासाठी आहे."

आत्याला आधी कळलंच नाही.

"मी त्यांच्यातली आहे गं. दिवसभर गावाला फोन जोडून देते, आणि मलाच फोनला बंदी. आहे की नाही गंमत?"

"मला काय माहीत ती कुणाची कोण?" आत्या मला म्हणाली. "आवाजावरून काय कळतं? आणि कळलं असतं तर काय केलं असतं मी? काही नाही. तिला तेव्हाच पळ म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, होईल सगळं ठीक. सगळेच तसं म्हणत होते."

एका सकाळी आत्यानं विचारलं, "टेकडी, आवाज येतोय?" आणि भलताच आवाज आला. "येतोय. टेकडी बोलतेय."  "आधीची कुठं गेली?" असं आत्याच्या तोंडातून निघालंच. नवी मुलगी घाबरून म्हणाली, "मला काही विचारू नका हो, मी कालच लागलेय." आणि शेगडीजवळून कान आत्याकडे बघत होता.

पुढे बरेच दिवस काही नाही. आत्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. आजोबांनी मीठ मागितलं तरी ती 'मीठ. देते' म्हणायचीच, पण आजोबा आता 'बरोबर' म्हणत नव्हते.

मग एकदा, डब्याच्या वेळी, ट्रंकवर एक घोगरा म्हातारा आवाज आला. नव्या मुलीनं जोडून दिला आणि ती बाजूला झाली. म्हातारा खोकला आणि बारीक आवाजात म्हणाला, "नदीकाठ, घाबरू नकोस, मीच आहे."

तिच्या आईवडिलांना नेलं होतं. ती त्या वेळी घरात नव्हती म्हणून वाचली. जिथं फोन चालू असेल अशा रिकाम्या जागा तिला ठाऊक होत्या. बोर्डावर काम केलेलं माणूस, कुठला नंबर बंद आणि कुठला नुसताच पडून, हे तिला पाठ. पण एका जागी फार राहता येत नव्हतं. थंडी होती. "खायला?" आत्यानं विचारलं. "खाते की," ती म्हणाली. थाप होती.

आत्या तशी भित्री. पण त्या संध्याकाळी ती गल्लीतल्या ट्रकवाल्याकडे गेली. तो लाकडाच्या फळ्या घेऊन सरहद्दीपलीकडे जायचा, त्याच्याकडे परवाना होता. त्यानं आधी उडवून लावलं. दुसऱ्यांदा गेली तेव्हा दार लावून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "फळ्यांच्या खाली एका माणसाची जागा करतो. पण पत्ता नक्की पाहिजे, बाई. मी दारोदार विचारत फिरणार नाही. पत्ता आणून दे, त्याच दिवशी निघतो."

आता सगळं त्या पत्त्यावर अडलं होतं. पुढच्या फोनला दोघींनी ठरवून टाकलं. टेकडी जिथं असेल तिथला नंबर सांगेल, त्या नंबराची जागा आत्या टेकडीच्या डिरेक्टरीत बघेल. आणि आत्यानं काहीही बोलायचं नाही. ऐकायचं, आणि 'लाइन मोकळी नाही' एवढंच म्हणून दोरी काढायची. कानाला वाटेल, ट्रंक कॉल नाकारला.

"जमेल ना गं तुला?" टेकडीनं विचारलं.

"न जमायला काय झालं? तोंड बंद ठेवायचं, एवढंच तर आहे."

त्या दिवसांत आत्या घरी आरशासमोर उभी राहून 'लाइन मोकळी नाही' म्हणायची. बाबांना ते आठवतं. त्यांना वाटायचं, ताईला नाटकात काम मिळालंय.

फोन आला त्या दिवशी पाऊस नव्हता, वारा नव्हता, काही नव्हतं. कानानं डबा उघडला होता, यंत्र टेबलावर. मोठ्या बाई खिडकीशी चष्मा पुसत होत्या. सकाळपासून बोर्डावरचे दिवे सारखे पेटत होते, आत्या नंबरामागून नंबर म्हणत होती, दोरी लाव, दोरी काढ, तोंडाला फेस यायची वेळ. त्याच घाईत टेकडीचा दिवा लागला. आत्यानं दोरी लावली. आणि पलीकडून कामाच्या आवाजात, चोख, एक्स्चेंजमध्ये बोलतात तसं आलं:

"चार, शून्य, सात. मागचं दार."

आणि आत्या म्हणाली, "चार, शून्य, सात."

मोठ्यानं. स्वच्छ. शिकवलं होतं तसं.

पलीकडे काय झालं ते तिनं मला तेव्हा लगेच सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की मग तिला भान आलं, 'लाइन मोकळी नाही' म्हटलं आणि दोरी ओढली. मोठ्या बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. मुली दिवसभर नंबरच म्हणत असतात, त्यात काय ऐकायचं? तेवढ्यावर निभावलं असतं. पण कान घास चावता चावता थांबला. त्या बोर्डासमोर तो इतके महिने बसलेला होता.

"आपल्याकडे चारशे कुठून आले?" त्यानं मऊ आवाजात विचारलं.

आत्या म्हणाली, "चुकून म्हटलं."

"आपल्याकडे तीनशेसुद्धा नाहीत. चारशे टेकडीला आहेत." त्यानं हात पुसले, डब्याचं झाकण लावलं. टेकडीची डिरेक्टरी खाली काढली, बोट फिरवलं. "बंद पडलेली लाकडाची वखार. तिथून कोण बोलत होतं?"

आत्यानं टेकडीच्या लाइनवर झडप घातली. नव्या मुलीला सांगून चारशे सात वाजवायचा, पळ म्हणायचं, एवढंच तिच्या डोक्यात. कानानं तिच्या हातावर हात ठेवला. मारलं नाही, ढकललं नाही. तिच्या हातातली दोरी सोडवून घेतली आणि स्वतः लावली. बघून बघून शिकला होता. तिकडच्या चौकीशी बोलला, तोही हळूच. दोन्ही गावांमध्ये लाइन एकच. तो बोलत होता तोवर आत्याला दुसरी लाइन कुठून मिळणार? ती बोर्डासमोर बसून राहिली. मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, तुझे दिवे पेटलेत." तर तिनं ते घेतले. लोकांचे नंबर म्हणाली, दोऱ्या लावल्या. "लावल्या मी," आत्या मला म्हणाली, "काय सांगू तुला, लावल्या!"

संध्याकाळी ट्रकवाला कोपऱ्यावर गाडी पुसत उभा होता. तिचा चेहरा पाहताच त्यानं फडकं झटकलं आणि गाडी घेऊन निघून गेला.

आत्याला कुणी अटक केली नाही. तसं तरी झालं असतं! कानानं वर कळवलं की मुलीनं नंबर उघड बोलून मदत केली. का कळवलं, देव जाणे. दया आली असेल, नाहीतर इतके दिवस आपल्याला ऐकू कसं आलं नाही, हे त्याला झाकायचं असेल. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीनं आपलं स्टूल थोडं लांब सरकवलं, आणि गल्लीत कुणी तिच्याशी नीट बोलेना. जे बोलायचे ते शाबासकी द्यायचे, ते तर आणखी वाईट.

थोड्याच दिवसांत टेकडीकडून गाड्या आल्या. माणसांनी भरलेल्या, स्टेशनकडे चाललेल्या. पाण्यासाठी पंपाजवळ थांबल्या तेव्हा आत्या धावत गेली. फळ्यांवर बायका बसलेल्या, तरुण, म्हाताऱ्या, डोक्यावर पोती घेतलेल्या. आणि आत्याला चेहराच माहीत नव्हता. उंच की बुटकी, गोरी की सावळी, काहीच नाही. एकेका तोंडाकडे बघत ती गाडीच्या कडेनं चालत गेली. आवाजावरून तिनं टेकडीला हजारांत ओळखलं असतं, पण कुणी बोलत नव्हतं.

शेवटी ती न राहवून मोठ्यानं म्हणाली, "टेकडी, आवाज येतोय?"

सगळ्या बायकांनी तिच्याकडे पाहिलं. कुणीच उत्तर दिलं नाही. पहारेकऱ्यानं तिला बाजूला लोटलं. टेकडी त्या गाडीत नव्हती, की होती आणि हिला त्रास नको म्हणून गप्प राहिली, हे आत्याला कधीच कळलं नाही. युद्ध संपल्यावर तिनं विचारायचं तिथं सगळीकडे विचारलं. त्या वखारीच्या मागच्या दाराशीही जाऊन आली. तिथं कुणीतरी कोंबड्या पाळल्या होत्या.

एक्स्चेंजमध्ये तिनं नंतर आकडा परत म्हणायचं सोडून दिलं. मोठ्या बाईंची पट्टी टकटक करून थकली. दोऱ्या चुकायला लागल्या, लोकांच्या तक्रारी आल्या, तिला काढून टाकलं. घरीही तोंड बंद. आजोबांनी एकदा मुद्दाम, तिला हसवायला, "मीठ दे" म्हटलं. तिनं मीठ ठेवलं आणि उठून गेली.

मी चादर धरून तशीच उभी. माझा राग कुठल्या कुठे गेला होता. माणसं अशा वेळी जे बोलतात तेच मी बोलले. "अगं आत्या, तू काय मुद्दाम केलंस का?"

"मुद्दाम नाही केलं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "ते नाही गं."

"मग?"

तिनं चादरीची टोकं जुळवली, घडी पुरी केली आणि माझ्या हातात दिली.

"मी आकडा म्हटला ना, तेव्हा तिला वाटलं, मी पुन्हा फसले. रोजच्यासारखी. 'बरोबर!' म्हणाली ती मला. आणि हसली. मी दोरी ओढली तेव्हा ती हसतच होती."